ब्रायटन : सागरतीरीच्या एका विहारनगराची घडण

१

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लंडनपासून सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर ब्रायटन हे नगर वसलेले आहे. सागरतीरी हवापालटासाठी व विश्रांतीसाठी जाण्याची जी प्रथा आज सर्व जगात रूढ झाली आहे, तिच्या इतिहासात ह्या नगराचे स्थान महत्त्वाचे आहे. औषधोपचार म्हणून समुद्रस्नान करण्याचा प्रारंभ ब्रायटनने केला असे मात्र म्हणता येत नाही. उत्तरेकडील स्कारबरो येथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच समुद्रस्नान सुरू झाले होते. तथापि एका ओसाड होत चाललेल्या मासेमारांच्या गावाचे शंभर वर्षांच्या आत देशातील अग्रगण्य विहारनगरात रूपांतर व्हावे, आणि त्या रूपांतरात वैद्यक, राजाश्रय, रेल्वे व युद्ध ह्या चारही शक्तींचा ठसा उमटावा, हे ब्रायटनचे वैशिष्ट्य होय.

ह्या नगराचा इतिहास सामान्यतः दोन पुरुषांच्या नावे सांगितला जातो. पहिला डॉ. रिचर्ड रसेल आणि दुसरा युवराज जॉर्ज, जो पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. एकाने समुद्राचे पाणी औषध ठरविले, दुसऱ्याने तेथे राजवाडा बांधला, आणि नगर उदयास आले, असा ह्या कथनाचा सारांश असतो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. विहारस्थळाचे आकर्षण निसर्गाने सिद्ध करून ठेवलेले नसते. ते घडवावे लागते, आणि ते घडविताना जुन्या रहिवाशांचे काही हिरावले जाते व नव्याने आलेल्यांचे काही उसने घेतले जाते. राजपुरुषांच्या चरित्रांत ह्याची नोंद क्वचितच सापडते. गावाच्या, गल्ल्यांच्या आणि व्यवसायांच्या नावांत मात्र ती पुष्कळ अंशी टिकून राहिली आहे. म्हणून ब्रायटनच्या घडणीचा विचार करताना शब्दांची साक्ष काढणे उचित ठरते.

२

प्रथम गावाचेच नाव घेऊ. १०८६ मधील ‘डूम्सडे बुक’ ह्या महसुली नोंदवहीत ते ‘ब्रिस्टेल्मेस्टुने’ असे आढळते. ‘बेओर्थ्हेल्म’ हे प्राचीन इंग्रजीतील व्यक्तिनाम आणि ‘टून’ म्हणजे वस्ती अथवा वाडी. म्हणजे कोणा बेओर्थ्हेल्मची वाडी, असा नावाचा अर्थ आहे. पुढे त्याचे ‘ब्राइटहेल्मस्टन’ असे रूप रूढ झाले. ‘ब्रायटन’ हे आटोपशीर रूप सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागते व अठराव्या शतकाच्या अखेरीस सर्वतोमुखी होते. मात्र अधिकृत नाव म्हणून त्याचा स्वीकार १८१० मध्ये झाला. नाव संक्षिप्त होण्याची प्रक्रिया भाषेच्या दृष्टीने नेहमीचीच आहे. परंतु ह्या संक्षेपाचा प्रसार आणि बाहेरगावच्या लोकांची वर्दळ ही दोन्ही एकाच काळात वाढलेली दिसतात, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्याच नोंदवहीत ह्या गावाच्या देण्यापैकी एक बाब म्हणून चार हजार हेरिंग मासे असा उल्लेख येतो. म्हणजे अकराव्या शतकात गावाची ओळख समुद्रावरूनच होती. पण तो समुद्र अन्न देणारा होता, सौख्य देणारा नव्हता. तो भयकारीही होता. १५१४ मध्ये फ्रेंचांनी समुद्रमार्गे येऊन गाव जाळले. १७०३ व १७०५ मधील वादळांनी कड्याखालच्या पुळणीवरील वस्ती नष्ट केली. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात डॅनिएल डिफोने आपल्या प्रवासवर्णनात ह्या गावाची नोंद केली, ती समुद्राने कुरतडत आणलेले एक दरिद्री मासेमार गाव म्हणून.

त्या जुन्या गावाचे दोन अवशेष आजही दाखविले जातात. ‘लेन्स’ नावाने ओळखला जाणारा अरुंद बोळांचा भाग हा त्यांपैकी पहिला. आज तेथे जडजवाहिराची आणि जुन्या वस्तूंची दुकाने आहेत, आणि प्रवासी त्या बोळांतून वाट चुकण्यातच मौज मानतात. अशा बोळास ससेक्सच्या बोलीत ‘ट्विटन’ म्हणतात. दुसरा अवशेष म्हणजे ‘नॉर्थ लेन’ हा भाग. ह्या नावातील ‘लेन’चा उच्चार गल्लीवाचक शब्दासारखाच असल्याने दोहोंचा घोटाळा होतो, पण हा शब्द वेगळा आहे. टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या मोकळ्या शेतजमिनीला ससेक्सच्या बोलीत ‘लेन’ म्हणत, आणि त्याचे मूळ जमीनधारणेच्या एका प्राचीन संज्ञेत आहे. गावाभोवती अशा पाच लेनी होत्या. नगर वाढले तेव्हा घरे ह्या शेतांवर उभी राहिली, आणि रस्ते शेतांच्या पट्ट्यांच्या व पायवाटांच्या रेषांवर आखले गेले. शेती नाहीशी झाली. तिचे नाव आणि तिची आखणी मात्र राहिली.

३

गावाचे दैव पालटले ते वैद्यकाने. डॉ. रिचर्ड रसेल हा जवळच्या ल्यूइस येथील वैद्य. त्याने १७५० मध्ये ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग प्रतिपादन करणारा प्रबंध लॅटिन भाषेत प्रसिद्ध केला. थोड्याच काळात त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली. समुद्रात स्नान करावे एवढेच सांगून तो थांबला नाही. ते पाणी प्यावे, असाही त्याचा आग्रह होता. १७५३ मध्ये त्याने ब्रायटन येथे ‘स्टीन’ नावाच्या मैदानाच्या समुद्राकडील टोकास मोठे घर बांधले व तेथे रोगी ठेवण्यास आरंभ केला. १७५९ मध्ये तो मरण पावला. परंतु रोग्यांचा ओघ थांबला नाही. १७६९ मध्ये डॉ. जॉन ऑसिटर ह्याने बंदिस्त स्नानगृहे बांधली, त्यामुळे समुद्रात न उतरताही समुद्रस्नान साध्य झाले. रसेलच्या घराच्या जागी १८२६ मध्ये रॉयल ॲल्बियन हॉटेल उभे राहिले. २०२३ मधील आगीत त्याचा मोठा भाग नष्ट झाला.

रसेलचे सिद्धांत आज वैद्यकास मान्य नाहीत. पण त्यांचा सामाजिक परिणाम फार मोठा झाला. अप्रिय असलेली गोष्ट औषध म्हणून पत्करली गेली, आणि औषध घेण्यासाठी आलेल्या सधन लोकांना उरलेला दिवस घालविण्यासाठी नृत्यगृहे, वाचनालये, पत्ते व गप्पागोष्टी ह्यांची गरज भासू लागली. उपचाराच्या पोटी करमणूक जन्मली, आणि कालांतराने करमणुकीने उपचारास मागे टाकले. एकोणिसाव्या शतकात कादंबरीकार थॅकरे ह्याने ह्या नगरालाच विनोदाने ‘डॉक्टर’ ही पदवी दिली.

ह्या उपचारासाठी लागणारे श्रम कोणी केले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चाकांची लाकडी खोली पाण्यात ओढून नेत. आतील रोगी कपडे बदलून पायऱ्यांवर येई, आणि पाण्यात उभी असलेली एखादी दणकट बाई त्याला धरून लाटेखाली बुडवी. अशा बाईला ‘डिपर’, म्हणजे बुडविणारी, म्हणत. स्त्रियांसाठी डिपर बाया आणि पुरुषांसाठी ‘बेदर’ म्हणविणारे गडी, अशी विभागणी असे. ह्या व्यवसायात मार्था गन (१७२६–१८१५) हिचे नाव विशेष गाजले. गावातील कष्टकरी वर्गातून आलेल्या ह्या बाईची चित्रे छापून विकली गेली. समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय असलेल्यांचे कौशल्य अशा रीतीने नव्या धंद्याच्या कामी आले.

मात्र हा व्यवहार एकेरी नव्हता. स्टीन ह्या मैदानावर मासेमार आपली जाळी वाळत घालीत आणि होड्या ओढून ठेवीत. हीच जागा पाहुण्यांना फिरण्यासाठी सोयीची वाटू लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील ओढा जमिनीखालील नळातून नेण्यात आला. ह्या कामाच्या खर्चाला युवराजाने व मार्लबरोच्या ड्यूकने हातभार लावला. पुढे मैदानाचे भाग कुंपणात गेले, आणि जाळी हळूहळू तेथून हटली. आज स्टीन हा बागा, कारंजे आणि रहदारीचा चौक आहे. जाळ्यांची ती जागा होती, हे तेथे उभ्या राहणाऱ्या प्रवाशास सांगितल्यावाचून कळत नाही.

४

युवराज जॉर्ज १७८३ मध्ये प्रथम ब्रायटनला आला. त्याच्यासाठी हेन्री हॉलंड ह्या वास्तुकाराने १७८७ मध्ये ‘मरीन पॅव्हिलियन’ ही तुलनेने साधी वास्तू बांधली. १८०३ ते १८०८ ह्या काळात विल्यम पॉर्डन ह्याने घोड्यांच्या पागेसाठी विशाल घुमटाची इमारत उभारली. पुढे १८१५ पासून जॉन नॅश ह्याने मूळ वास्तूचा कायापालट केला, आणि १८२२ च्या सुमारास आजचे ‘रॉयल पॅव्हिलियन’ सिद्ध झाले. बाहेरून घुमट, मनोरे व जाळीदार कमानी. आत चिनी धर्तीची सजावट, असे ह्या वास्तूचे रूप आहे. नॅश हिंदुस्थानात कधी आला नव्हता. टॉमस व विल्यम डॅनिएल ह्या चुलत्या-पुतण्यांनी हिंदुस्थानात प्रवास करून काढलेली वास्तुचित्रे हा त्याच्या कल्पनेचा मोठा आधार होता. म्हणून ह्या घुमटांत कोणत्याही एका हिंदी शैलीचा शोध घेणे व्यर्थ आहे. चित्रांतून दिसलेला हिंदुस्थान आणि इंग्लंडातील बिडाचे सांगाडे ह्यांचा तो संयोग आहे.

ह्याच काळात एक खराखुरा हिंदी मनुष्य ब्रायटनमध्ये राहत होता. साके दीन महोमेद ह्याचा जन्म १७५९ मध्ये पाटण्यास झाला. १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. हिंदी लेखकाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. लंडनमध्ये १८१० मध्ये काढलेले त्याचे खाद्यगृह चालले नाही. नंतर ब्रायटनला येऊन त्याने समुद्रकाठी वाफेचे स्नान आणि अंगमर्दन ह्यांचे गृह स्थापन केले. औषधी वनस्पतींच्या वाफेत रोग्यास बसवून, फ्लॅनेलच्या पडद्याआडून त्याचे अंग चेपले जाई. बरे झालेल्या रोग्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या त्याच्या दालनात टांगलेल्या असत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम ह्या दोन्ही राजांनी त्याला आपला ‘शांपूइंग सर्जन’ नेमले. १८२२ मध्ये त्याने ह्या उपचारावर स्वतंत्र पुस्तकही लिहिले.

‘शांपू’ हा शब्द हिंदीतील ‘चाँपना’ ह्या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपावरून, ‘चाँपो’ वरून, इंग्रजीत गेला. अठराव्या शतकातील इंग्रजी प्रवासवृत्तांत तो आढळतो आणि अंग दाबणे, मळणे हाच त्याचा अर्थ असतो. मराठी वाचकास ‘पाय चेपणे’ आणि ‘चंपी’ हे प्रयोग येथे सहज आठवतील. महोमेदने हा शब्द इंग्रजीत आणला नाही. परंतु इंग्लंडच्या प्रतिष्ठित समाजात तो रुळविण्याचे श्रेय बव्हंशी त्याच्याकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या शब्दाचा अर्थ अंगावरून डोक्यावर सरकला. केस धुणे असा तो झाला, आणि पुढे केस धुण्याचे द्रव्य असा. त्याच नव्या अर्थाने तो ‘शांपू’ होऊन मराठीत परतला. घर सोडून गेलेला शब्द अशा प्रकारे पाहुणा होऊन परत आला, आणि घरच्यांना त्याची ओळख पटली नाही. महोमेदचेही असेच झाले. पॅव्हिलियनचे घुमट पाहण्यास लोक येत राहिले; तो मात्र १८५१ मध्ये मरण पावल्यावर दीर्घकाळ विस्मृतीत गेला.

५

१८०१ च्या जनगणनेत ब्रायटनची वस्ती सुमारे ७ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ हजारांवर गेली. आरंभी ह्या वाढीमागे सरदार-दरकदारांचा ओघ होता. १८२० नंतरच्या दशकात टॉमस केम्प ह्याने पूर्वेस वसविलेले केम्प टाउन आणि पश्चिमेस होव्हमधील ब्रन्स्विक टाउन ह्यांतील शुभ्र, अर्धवर्तुळाकार गृहपंक्ती त्या काळाची साक्ष देतात. ह्या साहसात केम्प कर्जबाजारी झाला व त्याला देश सोडावा लागला. पण त्याचे नाव त्या वसाहतीस कायम राहिले.

१८४१ मध्ये लंडन-ब्रायटन रेल्वे पूर्ण झाली. घोडागाडीने पाच-सहा तास लागणारा प्रवास आगगाडीने दोन तासांच्या आसपास आला. १८४४ पासून सवलतीच्या दराच्या सहलगाड्या सुरू झाल्या आणि लंडनमधील कारागीर व कारकून एका दिवसासाठी समुद्रावर येऊ लागले. राजघराण्यास हे मानवले नाही. व्हिक्टोरिया राणीला येथे एकांत मिळत नसे. १८४५ नंतर ती येथे आली नाही. पॅव्हिलियनमधील बरेचसे सामान लंडनला हलविण्यात आले आणि १८५० मध्ये नगराने ती वास्तू ५३ हजार पौंडांस विकत घेतली. राजाचा खासगी विलास नागरिकांची सार्वजनिक मालमत्ता झाला, ही ब्रायटनच्या इतिहासातील निर्णायक घटना होय. पागेच्या इमारतीचे पुढे संगीतगृह झाले. ‘डोम’ म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि १९७४ मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धा तेथेच भरली.

ह्यापुढची आकर्षणे सर्वसामान्यांसाठी निर्माण झाली. १८२३ मध्ये सॅम्युएल ब्राउन ह्याने बांधलेला साखळदंडांचा ‘चेन पिअर’ मुळात बोटींच्या उतारूंसाठी होता. परंतु लोक त्यावर केवळ फिरण्यासाठी जाऊ लागले. १८९६ मधील वादळाने तो मोडून पडला. युजिनियस बर्च ह्याचा ‘वेस्ट पिअर’ १८६६ मध्ये खुला झाला. त्यानेच बांधलेले मत्स्यालय १८७२ मध्ये. माग्नुस फोल्क ह्याने १८८३ मध्ये किनाऱ्यालगत सुरू केलेली छोटी विद्युत रेल्वे ही अद्याप चालू असलेल्या विद्युत रेल्वेंत जगातील सर्वांत जुनी मानली जाते. १८९९ मध्ये खुला झालेला ‘पॅलेस पिअर’ हे आज नगराचे सर्वांत गजबजलेले ठिकाण आहे. वेस्ट पिअरचे दैव उलटे. तो १९७५ मध्ये बंद झाला. २००२ च्या अखेरीस त्याचा काही भाग कोसळला, आणि २००३ मध्ये लागलेल्या आगींनंतर पाण्यात लोखंडी सांगाडा तेवढा उरला. धक्का म्हणजे जहाजास लागण्याची जागा, हा ‘पिअर’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ. ह्या नगरात तो जवळजवळ पुसला गेला आणि समुद्रावर उभारलेले करमणुकीचे स्थान असा नवा अर्थ रूढ झाला.

६

पहिल्या महायुद्धात ह्या नगराचा हिंदुस्थानशी असलेला काल्पनिक संबंध अकस्मात प्रत्यक्ष झाला. १९१४ च्या हिवाळ्यापूर्वीच हिंदी पलटणी फ्रान्समधील आघाडीवर उतरल्या होत्या. खडकी येथे मुख्य ठाणे असलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह शापेल येथे भाग घेतला, हे महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. जखमी हिंदी सैनिकांसाठी डिसेंबर १९१४ मध्ये पॅव्हिलियन, डोम आणि लगतची इमारत ह्यांत सातशेहून अधिक खाटांचे रुग्णालय उघडण्यात आले. धर्म व जात ह्यांचे निर्बंध पाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी पाण्याचे निराळे नळ होते. आणि उर्दू, हिंदी व गुरुमुखी अशा फलकांनी दालने चिन्हित केली होती.

ह्या व्यवस्थेत आस्था होती, तसाच प्रचारही होता. राजाने आपला राजवाडा हिंदी सैनिकांना दिला, अशी समजूत पसरू देण्यात आली. वस्तुतः त्या वास्तूची मालकी १८५० पासून नगराकडे होती. सैनिकांच्या बाहेर हिंडण्याफिरण्यावर कडक नियंत्रणे होती. त्यांची पत्रे तपासली जात आणि त्यांतील वेचे इंग्रजीत भाषांतरित करून वरिष्ठांकडे धाडले जात. ते अहवाल आज इतिहासाचे साधन झाले आहेत. परंतु सैनिकांचे शब्द आपल्यापर्यंत बव्हंशी भाषांतरकाराच्या इंग्रजीतून येतात, ही मर्यादा अभ्यासकाने विसरता कामा नये. जानेवारी १९१६ मध्ये हे रुग्णालय बंद झाले.

मरण पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांचे दहन नगराबाहेर, पॅचमजवळच्या टेकडीवर करण्यात आले. मुसलमान सैनिकांना वोकिंगजवळ दफन केले गेले. दहनभूमीवर पुढे संगमरवरी स्मारक उभे राहिले. त्याची रचना मुंबईच्या ई. सी. हेन्रिकेस ह्या वास्तुकाराची आहे, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तत्कालीन युवराजाच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. तेथे दहन झालेल्या त्रेपन्न जणांची नावे कोरलेला शिलालेख २०१० मध्ये बसविण्यात आला. ह्या स्मारकाला इंग्रजीतही ‘छत्री’ असेच म्हणतात. त्याच वर्षी पॅव्हिलियनच्या दक्षिण बाजूस हिंदुस्थानची भेट म्हणून एक प्रवेशद्वार उभारले गेले; २६ ऑक्टोबर १९२१ रोजी पतियाळाच्या महाराजांनी त्याचे अनावरण केले. पॅव्हिलियनचे घुमट चित्रांतून आले होते. छत्री मात्र माणसांच्या मृत्यूतून आली. एकाच नगरातील ह्या दोन ‘हिंदी’ वास्तूंमधील अंतर मोजल्याशिवाय ब्रायटनचा इतिहास समजला असे म्हणता येणार नाही.

७

दुसऱ्या महायुद्धात आक्रमणाच्या भीतीने किनारा बंद करण्यात आला आणि धक्क्यांचे मधले भाग तोडण्यात आले. युद्धोत्तर काळात स्वस्त विमानप्रवासामुळे इंग्रज प्रवासी स्पेनकडे वळला आणि ब्रिटनमधील अनेक सागरतीरीच्या विहारनगरांस उतरती कळा लागली. ब्रायटन तुलनेने टिकले, कारण त्याने आणखी एकदा आपला व्यवसाय बदलला. १९६१ मध्ये लगतच्या फाल्मर येथे ससेक्स विद्यापीठास सनद मिळाली. १९६७ पासून कलामहोत्सव भरू लागला. १९७७ मध्ये परिषदांसाठी मोठे सभागृह झाले. ह्या नव्या व्यवसायाची किंमतही नगराने मोजली. ऑक्टोबर १९८४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या परिषदेच्या वेळी ग्रँड हॉटेलमध्ये आयरिश क्रांतिकारी गटाने घडविलेल्या स्फोटात पाच जण मृत्युमुखी पडले. २००० मध्ये ब्रायटन व होव्ह ह्यांना संयुक्तपणे शहराचा दर्जा देण्यात आला.

अन्न, औषध, विलास, सहल आणि परिषद, अशा पाच अर्थांनी ह्या नगराने समुद्राचा उपयोग केला. प्रत्येक नवा अर्थ आधीच्या अर्थावर उभा राहिला आणि त्याने आधीच्या माणसांना थोडे मागे सारले. विहारस्थळांचा इतिहास लिहिणाऱ्यास ह्यातून एक पद्धती हाती लागते. वास्तूंच्या आणि आश्रयदात्यांच्या नोंदींबरोबर त्याने बोलीतील स्थलनामे, व्यवसायनामे आणि उसने शब्द हीही साधने मानली पाहिजेत. लेन, ट्विटन, डिपर, शांपू, छत्री ह्या पाच शब्दांतून शेतकरी, मासेमार, श्रमिक स्त्री, परदेशस्थ वैद्य आणि परक्या भूमीवर पडलेला सैनिक ह्यांचा माग काढता येतो.

जुन्या गावाच्या वरच्या अंगास, टेकडीवर, संत निकोलसचे चर्च आहे. हा संत दर्यावर्दी लोकांचा पालक मानला जातो, आणि चर्च मासेमारांच्या काळापासूनचे आहे. त्याच्या आवारात मार्था गन हिची कबर आहे. त्याच आवारात साके दीन महोमेदचीही आहे. पॅव्हिलियन पाहण्यास जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक टेकडी चढून तेथवर जातात.